बत्तीस बोरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोणती काडतुसे ठेवावीत?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अडत्या भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "कापसाच्या हंगामात रोकड घेऊन रात्री-बेरात्री गावी परत यावे लागते. स्वसंरक्षणाचा परवाना मिळाला, कानपूरचे बत्तीस बोरचे छोटे रिव्हॉल्व्हर घेतले. आता मित्र म्हणतो साधी गोळी काही कामाची नाही, पोकळ तोंडाची परदेशी आण. दुसरा म्हणतो माझ्या पिस्तुलाची घे, तीही बत्तीसचीच आहे. नेमकी कोणती भरू? आणि शेतात रानडुकरं येतात, तिथे हेच चालेल का?"

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी बनलेली, कारखान्याची सीलबंद, ताजी, एकाच लॉटची (म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली), गोल नाकाची साधी शिशाची काडतुसे भरा. मित्राची पिस्तुलाची काडतुसे घेऊ नका. पोकळ तोंडाच्या गोळीच्या मागे लागू नका. आणि रानडुकरासाठी हे हत्यार कमरेतून काढूच नका. मी पोलिस खात्याच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे हत्यारे सांभाळणारा-दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर विदर्भातल्या परवानाधारकांची हत्यारे तपासून देतो. या कामात गोळी कमी ताकदीची होती म्हणून अडलेला माणूस मला क्वचितच भेटतो. काडतूस उडाले नाही, भलतेच भरले होते, किंवा माणसाने आयुष्यात चाप नीट ओढून पाहिला नव्हता, असे मात्र नेहमी भेटतात.

सगळ्यात आधी 'बत्तीस'चा घोळ मिटवू. आपल्याकडे परवान्यावर नुसते ०.३२ बोर लिहिलेले असते आणि बोलतानाही सगळे 'बत्तीसची गोळी' एवढेच म्हणतात. पण रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून बघा. रिव्हॉल्व्हरचे काडतूस, म्हणजे एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, उंचीला जास्त असते. त्याच्या बुडाला पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या पितळी खोळीच्या, बाहेर स्पष्ट आलेली कड असते, आणि वरची गोळी करड्या रंगाची, उघड्या शिशाची असते. पिस्तुलाचे काडतूस, ज्याला एसीपी किंवा ७.६५ मिलिमीटर म्हणतात, ते ठेंगणे असते. त्याच्या बुडाच्या वर गोल खाच कोरलेली असते, कड जेमतेम बोटाला लागेल एवढीच असते, आणि गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. अडचण अशी की हे ठेंगणे काडतूस कित्येक रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागात, सरकते. सरकले म्हणजे चालते असा समज मग पक्का होतो. पण एसीपीचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो, आणि तुमच्या रिव्हॉल्व्हरची चक्री त्यासाठी बनवलेली नाही. शिवाय ती बारीकशी कड चक्रीत नीट टेकत नाही. घोड्याचा, म्हणजे मागच्या हातोडीचा, ठोका बसतो तेव्हा काडतूस पुढे सरकते आणि ठोका पोकळ जातो. म्हणजे एक तर उडणार नाही, किंवा उडेल तेव्हा हत्यारावर नको तो ताण येईल. दुकानात मागताना 'बत्तीस रिव्हॉल्व्हर लाँग' असे पूर्ण म्हणा आणि पाकीट काउंटरवरच उघडून बघा.

आता पोकळ तोंडाच्या गोळीबद्दल. तिचे आकर्षण कुठून आले ते कळले तर तिचा मोह आपोआप सुटतो. या गोळीच्या टोकाला खड्डा असतो. शरीरात शिरल्यावर ती छत्रीसारखी फुलते, मोठी जखम करते आणि आत थांबते. अमेरिकी पोलिस बहुतेक हीच वापरतात. पण फुलायला वेग लागतो, आणि फुलल्यावरही खोलवर जायला वजन आणि जोर लागतो. १९८६ साली मायामीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या दोन एजंटांचा चकमकीत मृत्यू झाला. त्यांच्या एका ९ मिलिमीटरच्या गोळीने हल्लेखोराला नेमक्या जागी गाठले होते, पण ती हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली. त्यानंतर एफबीआयने शरीराच्या जागी धरलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यावर चाचणी ठरवली. चांगल्या गोळीने त्यात किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच जावे, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. बाहीचा जाड कपडा, आडवा आलेला हात, हाडे, हे सगळे पार करून गोळी आतपर्यंत पोचली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आपल्या हातातल्या हत्याराचा जोर आता बघा. रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर. ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास भरते. पिस्तुलाच्या बत्तीसची गोळी ७१ ग्रेनची, वेग सुमारे २७५ मीटर, ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलपर्यंत. पोलिसांचे ९ मिलिमीटर यांच्या जवळपास तिप्पट जाते. आणि हे आकडे लांब नळीचे आहेत. तुमच्या रिव्हॉल्व्हरची नळी जेमतेम तीन इंचांची, त्यात चक्री आणि नळीमधल्या फटीतून थोडा वायू निसटतो, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमीच मिळते. एवढ्या जोरावर पोकळ तोंडाची गोळी दोनपैकी एका रीतीने फसते. बहुतेक वेळा खड्ड्यात कापड भरते आणि ती फुलतच नाही, मग ती साधीच गोळी झाली. आणि फुललीच तर अर्ध्या वाटेत थांबते. याउलट गोल नाकाची गोळी एवढ्या कमी जोरातही पुरेशी खोली गाठते. छोट्या हत्याराला आधी खोली हवी, बाकी सगळे नंतर. म्हणून माझे मत साध्या गोळीकडे झुकते, आणि ते नाइलाजाने नाही. उद्या पोकळ गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली तरी बत्तीस बोरसाठी मी हेच सांगेन.

९ मिलिमीटर घ्यायचे म्हणाल तर ते आपल्याकडे निषिद्ध बोरमध्ये मोडते, सामान्य परवान्यावर मिळत नाही. नेमबाज खेळाडू ज्या सपाट तोंडाच्या शिशाच्या गोळ्या वापरतात, त्या कागदावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी असतात. २५ मीटर सेंटर फायरच्या स्पर्धेत त्या दिसतील. गोळी म्हणून त्या वाईट नाहीत. पण त्या खेळाडूंच्या कोट्यातून येतात, तुमच्या परवान्यावर नाहीत. कुणी 'एक डबा देतो' म्हणाला तर नको म्हणा.

एक प्रकार मात्र मनापासून बजावून सांगतो. गावाकडे काही जण साध्या गोळीच्या नाकावर कानस फिरवतात, किंवा करवतीने फुली कापतात, म्हणजे ती 'फुटते' म्हणे. हे अजिबात करू नका. पिस्तुलाच्या कवचवाल्या गोळीचे नाक उघडे केले, तर आतले शिसे निघून जाते आणि कवच नळीतच अडकून राहू शकते. त्यावर दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते, आणि तुमचा हात तिथेच असतो. नेम बिघडतो तो वेगळाच. आणि पुढे कधी प्रकरण झालेच, तर नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती गोळी भिंगाखाली जाते. कानस मारलेली गोळी बघून सरकारी वकील काय म्हणेल याचा विचार करा. स्वसंरक्षण सिद्ध करायला निघालेल्या माणसाने जास्त इजा व्हावी म्हणून घरी बसून तयारी केली होती, हेच ती गोळी सांगेल. कारखान्याचे न छेडलेले काडतूस, दुकानाच्या पावतीशी आणि परवान्यावरच्या नोंदीशी जुळणारे, हा तुमचा अर्धा बचाव आहे.

हे सगळे रिव्हॉल्व्हरचे झाले. तुमच्या मित्रासारखे ज्यांच्याकडे बत्तीसचे पिस्तूल आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे राहील असे भरा. उलटे झाले तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल मधेच बसते, मग झटकून उपयोग नाही, मॅगझिनच काढावे लागते. आखूड लांबीच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा मिळते म्हणून हा त्रास जास्त होतो, आणि पोकळ तोंडाची काडतुसे नेमकी आखूडच असतात. दुसरे म्हणजे रोज संध्याकाळी काढलेले आणि सकाळी परत चढवलेले एकच काडतूस. दर वेळी ते नळीच्या तोंडावर आपटते आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते. दबलेल्या गोळीमागे दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून उंची बघा. केसभरही कमी वाटले तर ते बाजूला काढा.

खरेदी कशी करावी. आपल्याकडची बहुतेक काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. १८६९ पासूनचा कारखाना, २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. पाकिटावर लॉट नंबर आणि वर्ष असते, ते वहीत लिहून ठेवा. सगळी एकाच लॉटची आणि जमेल तितकी अलीकडच्या वर्षाची मागा. दुकानदार जुना माल आधी खपवायला बघेल, त्यात त्याचा काही दोष नाही, पण तुम्ही हक्काने विचारा. प्रत्येक काडतूस हातात घेऊन फिरवून बघा. टोपी (बुडाच्या मधली, ठोक्याने पेटणारी) बुडाशी सपाट बसलेली हवी, वर आलेली टोपी चक्री फिरू देत नाही. पुंगळीच्या तोंडाला बारीक चीर नको. गोळी बोटांनी हलता कामा नये. पितळेवर हिरवा कळंक नको. आणि घरी आणण्याआधी, दुकानातच परवानगीने, हत्यार सुरक्षित दिशेला धरून चक्रीच्या सहाही घरांत काडतूस स्वतःच्या वजनाने सरकते का ते बघा. एखादे घट्ट जात असेल तर त्याच घरात दुसरे घालून बघा, म्हणजे दोष काडतुसात आहे की चक्रीत ते कळते.

किती घेता येतील ते परवान्यावरच लिहिलेले असते, एका वेळी किती आणि वर्षाला किती. दुकानदाराकडून नोंद करून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बऱ्याच ठिकाणी नवीन काडतुसे देताना जुन्यांचा हिशेब आणि रिकाम्या पुंगळ्या मागतात, म्हणून झाडलेली पुंगळी फेकू नका, डब्यात जपून ठेवा. मित्राकडून उसनी, कुणाच्या आजोबांच्या पेटीतली, किंवा पुन्हा दारू भरलेली गावठी काडतुसे यांना हात लावू नका. परवान्यात न बसणारे एक जिवंत काडतूस खिशात सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो.

आता तुमच्या मूळ काळजीकडे. रोकड घेऊन मोटारसायकलवर येताना कुणी आडवे आले, तर जे काही होईल ते दोन-चार मीटरांत आणि अंधारात होईल. तिथे गोळीच्या नाकाचा आकार कामाला येत नाही, पहिली गोळी जिथे जायला हवी तिथे जाणे कामाला येते. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. घोडा न चढवता ओढला तर अनोळखी बोट थरथरते आणि नळी खाली जाते. त्यासाठी डमी काडतुसे घ्या, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, आणि पक्क्या भिंतीकडे तोंड करून चाप सावकाश, एकसारखा ओढायचा सराव करा. खऱ्या गोळीचा सराव जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनच्या किंवा मान्यता असलेल्या रेंजवरच करा. शेतात धुऱ्याकडे तोंड करून 'एक टाकून बघतो' हा प्रकार नको. शिशाची गोळी दगडावरून किंवा पाण्यावरून उडते आणि कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

रेंजवर त्याच लॉटमधली काही काडतुसे झाडून बघा, सहाही घरांतून. चाप ओढला आणि उडाले नाही तर नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, टोपी उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर लगेच थांबा. दारू कमी पडून गोळी नळीतच राहिलेली असू शकते. हत्यार रिकामे करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. घाईत दुसरा चाप ओढल्याने फुगलेल्या नळ्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि तशा नळीला दुरुस्ती नसते. ज्या लॉटमध्ये एकही काडतूस असे निघाले, तो लॉट सरावालासुद्धा वापरू नका.

गोळी कुठे थांबेल, हा प्रश्न आपल्या भागात शहरापेक्षा जास्त टोकदार आहे. बत्तीस बोर 'हलके' म्हणून लोक बिनधास्त राहतात. पण पऱ्हाट्या-तुराट्यांचा, वरून मातीने लिंपलेला कूड या गोळीला अडवत नाही. टिनाचा पत्रा तर नाहीच नाही. पक्क्या विटेची भिंत आणि धान्याच्या पोत्यांची थप्पी एवढ्याच भरवशाच्या गोष्टी. मे महिन्यात अर्धे गाव अंगणात बाजा टाकून झोपलेले असते. तुमच्या दारातून सुटलेली आणि चुकलेली गोळी शेजारच्या बाजेपर्यंत जाते. म्हणून घरात कुठून कुठे गोळी झाडता येणारच नाही ते आजच, दिवसाउजेडी, ठरवून ठेवा. मुले कुठे झोपतात, गोठा कुठे, शेजाऱ्याची ओसरी कुठे, एकदा फिरून बघा.

कायद्याची मर्यादाही लक्षात असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या ३४ ते ४४ कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क त्यात नाही. जिवावर बेतलेला हल्ला असेल तर हत्यार. बॅग घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडली, तर पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल. रोकडच कमी न्यायची सोय करा, अडतीचे जितके व्यवहार बँकेतून होतील तितके करा. हे माझ्या कामातले नाही, तरी प्रत्येकाला सांगतो.

रानडुकरांचे. बत्तीसच्या गोळीने डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर तुरीत दडून बसते, आणि दुसऱ्या दिवशी निंदायला आलेल्या बाईवर धावते. अस्वलाचे तर विचारूच नका, त्याची कवटी आणि त्याचा वेग या हत्याराला आवरत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो कडक आहे. पीक खाणाऱ्या डुकरांसाठी वन विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. जागलीला जाताना टॉर्च, फटाके, सोबतीला माणूस आणि कुत्रा न्या. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवा.

साठवणुकीत आपला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्रास देतात. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये काडतुसे ठेवणे म्हणजे दारू रोज भाजणे. टिनाच्या छताखालच्या माळ्यावरही नको. चामड्याच्या पट्ट्याच्या घरांत काडतुसे महिनोन्महिने राहिली की चामड्यातल्या रसायनाने पितळेवर कळंक चढतो, आणि मग ती चक्रीत अडकतात. पट्टा दिसायला रुबाबदार, साठवायला निरुपयोगी. काडतुसाला तेल कधीही लावू नका. तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि काडतूस मुके होते. हत्याराला तेल लावले की चक्रीची घरे कोरड्या कापडाने पुसून मगच भरा. मूळ पाकीट, झाकणाचा कोरडा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि खोलीतले सगळ्यात थंड कपाट, एवढे पुरते. कपाट भिंतीला पक्के बसवलेले असावे, आणि चावी तुमच्याकडेच असावी. रोज अंगावर बाळगलेली सहा काडतुसे घामाने आणि धुळीने खराब होतात. ती वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, रेंजवर झाडून टाका आणि नवीन भरा.

लग्नाचा हंगाम येतोच आहे. वरातीत 'भाऊ, एक फायर होऊन जाऊ द्या' म्हणणारे भेटतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात येईल अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लग्नाला जाताना हत्यार नेऊच नका.

निवडणुका लागल्या की ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येऊ शकतो. काडतुसेही मोजून द्या आणि पावतीवर त्यांचा आकडा व लॉट नंबर लिहून घ्या. परत मिळाल्यावर ठाण्यातच मोजून घ्या. ती किती ओलीत पडली होती हे सांगता येत नाही, म्हणून परत आलेली काडतुसे सरावाच्या डब्यात टाका, आणि कमरेच्या रिव्हॉल्व्हरसाठी दुकानातून सहा नवीन घ्या.